दातांच्या लॅबमधले माझे तात्पुरते दिवस

३ जून, सोमवार. सकाळी ८:१०
आजपासून रोजनिशी. उद्या मुलाखती द्याव्या लागतील, सुरुवातीच्या काळात काय करत होतात असं लोक विचारतील, तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

परिस्थिती थोडक्यात. शिल्पकला आणि डिजिटल माध्यमं, अशी दुहेरी पदवी. पहिला वर्ग. (थोडक्यात हुकलेला.) निरोपाच्या दिवशी आमचे सर म्हणाले होते की ज्याचा एक हात मातीत आणि दुसरा माउसवर, त्याला सगळी दारं उघडी आहेत. गेले अकरा महिने मी त्यातलं नेमकं कुठलं दार घ्यायचं ते ठरवतोय. आई याला घरी बसणं म्हणते.

आजपासून दातांच्या लॅबमध्ये जायचंय. तात्पुरतं. आत्या तिथे अठ्ठावीस वर्षं दात बनवते. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, लॅब त्यावरून कॅप नाहीतर कवळी करून परत पाठवते. आता यातलं बरंचसं कॉम्प्युटरवर होतं, म्हणून त्यांना थ्रीडी येणारं माणूस हवंय. आत्याने मालकांकडे शब्द टाकला. मी हो म्हटलं ते निव्वळ तिचं मन राखायला.

संध्याकाळी ७
दोघांना घेतलंय. मी आणि एक मुलगी. ती बी.कॉम. आहे. माती नाही, माउस नाही, थेट बी.कॉम. तीन महिने शिकायचं आणि ३१ ऑगस्टला दोघांपैकी एकाला कायम करणार, असं मालकांनी सांगितलं. मला त्या मुलीचं वाईट वाटलं. बिचारी वहीत लिहून घेत होती.

४ जून, मंगळवार
लॅब म्हणजे एक लांबट मजला. आधी प्लास्टरची खोली, मग आत्याचं मेणाचं टेबल, मग कॉम्प्युटर आणि सगळ्यात शेवटी दात कोरून काढणारं मशीन. ते दिवसभर गुणगुणत असतं. जिकडे बघावं तिकडे प्लास्टरचे जबडे, त्यांच्यावर पेन्सिलीने नंबर. एका ट्रेमध्ये चौदा माणसांची तोंडं.

आत्याने आल्या आल्या हातात मेणाची वडी ठेवली. म्हणाली, रोज एक दात कोरायचा, महिनाभर, मग कॉम्प्युटर. मी तिला आठवण करून दिली की मी चार वर्षं शिल्पकला शिकलोय. ती म्हणाली, मग तुझी दाढ पंधरा मिनिटांत होईल. दोन तास लागले. तिने ती उजेडात धरली, फिरवली आणि बटाटा छान झालाय म्हणाली.

अमूर्ताकडे झुकणारं काम सगळ्यांनाच कळतं असं नाही.

५ जून, बुधवार
घरी भिंतीवर मोठा कागद लावला. मध्ये मी, भोवती बाण. गेम्स, सिनेमा, संग्रहालयं, रंगमंच, खेळणी, आभासी वास्तव, पुरातत्त्व. सात मार्ग. बाबांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि यातला आजचा कुठला, असं विचारलं. दात कागदावर नव्हते. कोपऱ्यात एक बारीक चौकोन काढला. पेन्सिलीने.

७ जून, शुक्रवार
मेण बंद. आत्याला नीट समजावून सांगितलं की हाताने कोरण्याचा जमाना गेला, माझी ताकद स्क्रीनवर आहे. ती म्हणाली, बरं. इतक्या पटकन पटेल असं वाटलं नव्हतं.

बी.कॉम. मात्र रोज कोरतेय. झालेले दात काड्यापेटीत ठेवते.

११ जून, मंगळवार
एका जागी बसवत नाही. खुर्चीला काटे असल्यासारखं होतं. सकाळपासून नऊ वेळा पाणी प्यायला उठलो (आकडा बी.कॉम.चा, मी मोजत नाही). बसलो की पाय आपोआप हलायला लागतो. आज त्यामुळे स्कॅनर हलला आणि एका जबड्याला दातांच्या दोन रांगा आल्या. बी.कॉम.ने पाय जरा थांबवतोस का, असं विचारलं. मी म्हटलं, ही सर्जनशील ऊर्जा आहे. ती म्हणाली, असेल, पण टेबल हलतंय.

संकल्प: रोज पहाटे चालायला जाणे.

१२ जून
उठलो तेव्हा पहाट होऊन गेली होती.

२४ जून, सोमवार. दुपारी ३
आलं. ज्याची वाट बघत होतो ते आलं. ज्या स्टुडिओला मी आजवर सहा मेल पाठवले, त्यांनी टेस्ट पाठवली आहे. सिनेमा आणि गेम्ससाठी राक्षस, ड्रॅगन, सगळं हेच लोक बनवतात. टेस्ट अशी: एक श्वापद बनवा. जगात नसलेलं, पण असू शकेल असं वाटणारं. त्याचं तोंड उघडलं पाहिजे आणि मिटलं पाहिजे. मुदत १० ऑगस्ट.

तोंड उघडायचं आणि मिटायचं. एवढंच. हसूच आलं. दोन आठवड्यांत देऊन टाकतो. म्हणजे १ ऑगस्टला स्टुडिओ आणि ३१ ऑगस्टची जागा बी.कॉम.ला. सगळ्यांचंच भलं.

लॅबमध्ये जाहीर केलं. मालक बरं म्हणाले. आत्या म्हणाली, समोरच्या ट्रेमधली सातवी दाढ आज जायचीय.

२ जुलै, मंगळवार
पहिली स्वतंत्र कॅप. एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांची मागची दाढ. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार दाढा असतात, उचलायची, बसवायची, संपलं. असलं शिंप्याचं काम मी करणार नाही. माझ्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिला व्यक्तिमत्त्व दिलं. एकसष्ट वर्षांचं आयुष्य दिसलं पाहिजे. बारीक भेगा, झिजलेले कंगोरे आणि उठाव यावा म्हणून अर्धा मिलीमीटर उंची जास्त.

५ जुलै, शुक्रवार
दाढ परत आली. डॉक्टरांचा प्रश्न, नवी कॅप आधीपासूनच फुटकी का दिसते. शिवाय गृहस्थांना दोन दिवस तोंड मिटता आलं नाही. नुसत्या पेजेवर होते. अर्धा मिलीमीटर म्हणजे काय असतं, त्यात एवढा गहजब. आत्याने मला केसाचं टोक दातांत धरायला लावलं आणि विचारलं, कळतंय का. कळत होतं. पण केस वेगळा आणि कला वेगळी.

बी.कॉम.ने या आठवड्यात अकरा कॅप केल्या. एकही परत आली नाही. साहजिक आहे, त्यात काही नावीन्यच नाही.

१० जुलै
श्वापद: डोळे झाले. सहा डोळे.

१५ जुलै
डोळे काढून टाकले. पुन्हा दोन केले. ही प्रगतीच आहे.

१८ जुलै, गुरुवार. दुपारचा डबा झाल्यावर
श्वापद लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडून बसलो होतो. आत्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, याचं तोंड मिटत नाहीये.

मी मिटवून दाखवलं. ती म्हणाली, हे मिटणं नाही, वरचे दात खालच्या जबड्यातून आरपार गेलेत. हा पहिला घास खाईल आणि जीभ तोडून घेईल. मी म्हटलं, तो कल्पनेतला प्राणी आहे. ती म्हणाली, कल्पनेतला असला म्हणून उपाशी मारायचा का.

मग शिकार करतो का, हाडं फोडतो का, पाणी कसं पितो, असं विचारायला लागली. मी यातलं काही ठरवलं नव्हतं. तिने ठरवलं.

२६ जुलै, शुक्रवार
या आठवड्यात श्वापदाच्या दातांचं काम मार्गी लावलं. संकल्पना माझी. आत्याला सल्लागार म्हणून घेतलं. ती डबा खाल्ल्यावर अर्धा तास आणि लॅब सुटल्यावर दोन तास मेण घेऊन बसायची. बावीस वरचे, वीस खालचे. एकेक सुळा बोटाएवढा, पण वरचा खाली उतरताना शेजाऱ्याला नुसता चाटून जातो, अडकत नाही. मी ते स्कॅन केले. स्कॅन करतानाचा प्रकाश माझा होता.

तिला मजा येत असावी. गुणगुणत होती. मी तिला तसं कधी ऐकलं नव्हतं.

३ ऑगस्ट, शनिवार
टेस्टला सात दिवस. अंगाची कातडी रबरासारखी दिसतेय. आई म्हणाली, हा पाण्यात पोहताना फुगवायचा प्राणी आहे का. घरातल्या घरात येरझाऱ्या घालून चप्पल झिजली. बाबांनी विचारलं की लॅबचं काय चाललंय, ३१ तारीख जवळ आली. मी कागदावरच्या सिनेमाच्या बाणाकडे बोट दाखवलं.

७ ऑगस्ट, बुधवार
श्वापदाचं शेपूट राहिलंय आणि आज मुद्दाम माझ्याकडे समोरच्या दोन दातांची केस दिली. एका मुख्याध्यापिका बाईंचे वरचे मधले दोन दात. पुढच्या आठवड्यात त्या निवृत्त होणार, भाषण आहे. आत्याने हळू आवाजात बजावलं, समोरचे आहेत, अख्खं गाव बघणार, नीट कर. तिला म्हणे मालकांना दाखवायचंय की मला जमतं.

डावा दात खरोखर सुरेख झाला. आत्याने स्वतः पाहिला आणि मान हलवली. उजवा करायचा तोवर पाच वाजले होते. डाव्याची कॉपी करून शेजारी ठेवला. काम फत्ते. घरी येऊन शेपूट.

१० ऑगस्ट, शनिवार. सायं ५:५२
पाठवलं.
५:५३ पोचल्याचा मेल आला.
५:५५ पुन्हा एकदा उघडून पाहिला. पोचलंय.
६:१० पोचलंय.

१४ ऑगस्ट, बुधवार
मुख्याध्यापिकांचे दात परत आले. दोन्ही डावे आहेत.

म्हणजे असं की कॉपी केल्यावर तो उलटा करायचा असतो, आरशातल्यासारखा. कला महाविद्यालयात हे कुणालाही माहीत असतं. मलाही आहे. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की बाई हसल्या की दोन्ही दात एकाच बाजूला बघतात. मी म्हणालो की नैसर्गिक चेहरा कधीच सममित नसतो. मालकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

भाषण परवा. आत्या दोन्ही दात नव्याने, हाताने करायला बसली. आज आणि उद्या ती दुसरं काही करणार नाही. मालकांना तिने सांगितलं की तपासून पाठवणं तिचं काम होतं, चूक तिची. ते खरंच आहे म्हणा. सही तिचीच होती.

१५ ऑगस्ट
आत्याशी आज बोलणं झालं नाही. मानेला पट्टा लावून बसली होती. मी दोनदा पाणी नेऊन ठेवलं.

२० ऑगस्ट
स्टुडिओचा मेल नाही.

२१ ऑगस्ट
नाही. स्पॅममध्येही नाही. सकाळपासून चौतीस वेळा बघितलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
नाही. मोठे स्टुडिओ निवडलेल्या लोकांना उशिराच कळवतात असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार
बी.कॉम.ला कायम केलं.

मालक मला आत बोलावून चांगलं बोलले. तुमची झेप मोठी आहे, म्हणाले. मी मनापासून आभार मानले. घरी आल्यावर सांगितलं की मीच माघार घेतली, मुलीला गरज होती. आईने ताट वाढलं. बाबा म्हणाले, आत्याला फोन कर. केला नाही. काय बोलू.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११:२०
मेल आला.

श्वापदाचं अंग ताठर आहे. कातडी रबरी. डोळ्यांत जीव नाही. शेपूट कुठल्या दुसऱ्याच प्राण्याचं वाटतं. इथवर वाचून मी खाली बसलो. पुढे: पण दात. एवढ्या वर्षांत टेस्टमध्ये असं मिटणारं तोंड आम्ही पाहिलेलं नाही. दातांकडे बघून प्राणी काय खातो ते कळतं. शुक्रवारी दहा वाजता या. आमच्यासमोर एक दात मेणात कोरून दाखवा, मग पुढचं बोलू.

मी म्हणत नव्हतो?

दुपारी १
शुक्रवार म्हणजे तीन दिवस.

दुपारी ४
योजना: मंगळ, बुध, गुरू. रोज आठ तास मेण. शिल्पकलेचा पाया पक्का आहेच.

४ सप्टेंबर, बुधवार
आत्याकडे गेलो. मेल दाखवला नाही. नुसतं म्हटलं, सुळा कसा कोरायचा ते दाखव. तिने का असं विचारलं नाही. वडी दिली, माझा हात धरून कोरणी फिरवायला शिकवलं. म्हणाली, दात वरून खाली कोरायचा नाही, मुळापासून टोकाकडे यायचं, तो उगवतो तसा. दिवसभरात नऊ केले. तिने एकेक बघून बाजूला ठेवला. मी विचारलं, किती दिवसांत येईल. ती हिशोब करून म्हणाली, तुला शिल्पकला येते म्हणून, दोनेक वर्षांत.

५ सप्टेंबर, गुरुवार
आणखी चौदा. दिव्यावर कोरणी तापवताना बोटं भाजली. रात्री झोप लागणार नाही असं दिसतंय.

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी
लगेच लिहून काढतो, नाहीतर घरी पोचेपर्यंत मी यात काहीतरी बदल करीन.

मोठी खोली, भिंतीवर राक्षसांची चित्रं. आर्ट डायरेक्टर बाई, करड्या केसांच्या, साध्या. समोर दिवा, मेण, हत्यारं. पन्नास मिनिटं दिली. त्या शेजारी बसून चहा पीत होत्या, बघत होत्या. पस्तिसाव्या मिनिटाला टोक तुटलं. मी उरलेल्याचं टोक केलं.

त्यांनी तो तळहातावर घेतला. हा कुठला दात, विचारलं. मी सुळा म्हणालो. त्यांनी फिरवून पाहिला. मग अगदी सौम्यपणे विचारलं, ते बेचाळीस दात कुणी केले.

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. संकल्पना माझी, ते एक. टीमवर्क, ते दुसरं. तिसरं आता आठवत नाही. तोंड उघडलं आणि म्हटलं, आत्याने. ती दातांच्या लॅबमध्ये आहे. मी फक्त स्कॅन केले.

त्यांनी आत्याचा नंबर मागितला. दिला.

७ सप्टेंबर, शनिवार. सायं ६
आत्या घरी आली होती. स्टुडिओचा फोन आला म्हणाली. महिन्यातून चार दिवस या, नुसते जबडे करा, असं ते म्हणत होते. तिने विचारलं की तो प्राणी जेवतो का. ते म्हणाले, नाही, पडद्यावर दिसतो फक्त. मग ती म्हणाली की माझ्याकडे दातांवाचून न जेवलेली माणसं थांबलीत, मला नाही जमायचं.

मी ओरडलो. लोक त्या दारासाठी जन्म घालवतात आणि तू नाही म्हणून मोकळी होतेस. ती ऐकून घेत होती. मग मला रडू आलं. भरल्या घरात, आईसमोर, बाबांसमोर. मी म्हटलं, मला ते हवं होतं आत्या, मला खूप हवं होतं. आणि तुझी मान माझ्यामुळे दुखली.

तिने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, माहितीये रे कलाकार. थोड्या वेळाने म्हणाली की प्लास्टरच्या खोलीतले काका सोडून चाललेत. मालकांशी बोललेय. सोमवारी नऊला ये, वाटलं तर.

मी पद काय असेल ते विचारलं. ती म्हणाली, प्लास्टर.

९ सप्टेंबर, सोमवार. सायं ७:३०
नऊला पोचलो. नऊ वाजून चार मिनिटांनी. डॉक्टरांकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतायचं, सुकलं की जबडा सोडवायचा. ओतताना हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. जिथे बुडबुडा, तिथे दाताला खड्डा. कसं ढवळायचं ते बी.कॉम.ने दाखवलं. तिला आता मॅडम म्हणायचं. ती म्हणाली, नको, पण मीच म्हणतो.

पहिल्या चारही जबड्यांत बुडबुडे निघाले. फेकून दिले. जेवणानंतर पाचवा ओतला, सावकाश. सुकेपर्यंत तिथेच उभा राहिलो. सोडवला. त्यात एकच होता, तोही टाळूला, दातांपासून लांब. मॅडमनी दिव्याखाली धरून पाहिला, खालून वरून, बराच वेळ. मग म्हणाल्या, चालेल.

गेल्या चौदा महिन्यांत माझ्या कुठल्याही कामाला कुणी चालेल म्हटलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी तोवर पुढचं माप माझ्यासमोर ठेवलं होतं.